रन्दाची झावळी

केर्केन्ना बेटावरचा तिजानी उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्यांचं कुंपण रोवून मासे अडवायचा. पंधरा वर्षांची लेक रन्दा मदतीला असे. तिने रोवलेली प्रत्येक झावळी तो उपटून पुन्हा रोवी. हळूहळू पोर घरातही बोलेनाशी झाली.

"तिने रोवायचं, तुम्ही उपटायचं! मग तिला नेता कशाला?" बायकोने सुनावलं.

दुसऱ्या दिवशी रन्दाची झावळी तिरकी गेली. तिजानीचा हात पुढे झाला.

"उपटा की, बाबा! तुमची रोजची हौस."

त्याने हात मागे घेतला. "तुझी आहे. टिकते का, तूच बघ."

पाण्याच्या ओढीने झावळी कलंडली. रन्दाने ती स्वतःच उपटली आणि अंगाचा भार देऊन खोल रोवली.

परतताना होडीत ती गावभरच्या गोष्टी सांगत सुटली. तिजानी ऐकत ऐकत वल्हवत राहिला.