कुलपातली जीप

आम्ही गाव सोडलं ते आमच्याच जीपमधून. खरं तर गाव आम्ही सोडत नव्हतो, जीप सोडत होती, आम्ही नुसते तिच्या सोबतीला निघालो होतो. निदान घरात सगळ्यांनी तसं ठरवून टाकलं होतं. गाडी चालवायला हे, म्हणजे माझे यजमान. त्यांच्या शेजारी मामंजी, म्हणजे माझे सासरे, जे संध्याकाळच्या एसटीनं परत यायचे होते. मागे मी, मांडीवर विजू, आणि भोवती स्टोव्ह, पिठाचा डबा, गोधड्या. आत्याबाई, माझ्या सासूबाई, शिंगणापूरच्या वेशीपर्यंत जीपच्या बरोबरीनं चालत आल्या. भाकरीचं गठुडं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "गाडीसंगं चाललाय, गाडीसंगंच माघारी या." मी "व्हय" म्हटलं. तेव्हा ते खरंच वाटत होतं.

हे सगळं एका विम्याच्या हप्त्यापायी झालं, असं आज कुणाला सांगितलं तर हसतील. तुम्ही गावात मागे राहिलेल्या मंडळींनी ते पाहिलंय, तुम्ही हसणार नाही. जीप मिलिटरीच्या लिलावातली, मामंजींनी नगरला घेतलेली. गावात कुणी बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की लोक आधी आमच्या अंगणात यायचे. मग ती एकदा घोडेगावच्या फाट्याजवळ उलटली आणि दुरुस्तीत घर पार धुवून निघालं. तेव्हापासून मामंजी सगळा विमा उतरवायचे, नुसता दुसऱ्याच्या नुकसानीचा नव्हे, आपल्या गाडीचाही. पण बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीत पाणी नाही, पेट्रोलला पैसा नाही, जीप नुसती अंगणात उभी. उभ्या गाडीचा एवढा हप्ता का भरायचा, म्हणून मामंजी ह्यांना घेऊन नगरच्या विमा कचेरीत गेले.

तिथलं बोलणं ह्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी स्वतः तिथे बाकावर बसले होते असंच वाटतं. मामंजींनी साहेबांना विचारलं, ह्यात चोरीपायी किती धरलंय? साहेब म्हणाले, आग, अपघात, चोरी, सगळं एकत्र असतं. मामंजी म्हणाले, "मंग चोरीचं तेवढं काढून टाका. आमच्या गावात चोरी व्हत न्हाई." साहेब हसले. मामंजी हसले नाहीत. ते थट्टा करतच नव्हते. साहेब माणूस चांगला होता, त्यांनी नीट समजावलं की गावागावाचा दर वेगळा नसतो. एकच वाट आहे. गाडी बंद ठेवा, वापरणार नाही असं लिहून द्या, हप्त्यात सूट मिळेल. फक्त गाडी कुलूपबंद गॅरेजात पाहिजे, आमचा माणूस येऊन बघून जाईल.

आमच्या गावात कुलूप! देव राखतो म्हणून जिथे घराला दार नाही तिथे गाडीला कुठून आणायचं? मामंजींना कचेरीतल्या कुणीतरी सुचवलंही म्हणे, चार पत्रे ठोका, एक दार लावा, कोण बघतंय. त्यावर ते उठूनच आले. सवलतीपायी देवाशी वाकडं घेणारा माणूस नव्हता तो.

ह्यांना तेव्हा नगरला एका वर्कशॉपमध्ये फिटरचं तात्पुरतं काम होतं, रविवारी घरी यायचे. तिथल्या तोफखाना भागात त्यांनी घेतलेल्या खोलीला लागून पत्र्याची शेड होती, तिला दार, दाराला कडी. मालक ती द्यायला तयार होता. मग जीप तिथे ठेवायची, आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवं म्हणून मी आणि विजू. दुष्काळ सरला की सगळे परत. किती सोपं वाटलं होतं सगळ्यांना!

माझं माहेर मिरजगावचं. वडिलांचं किराणा दुकान, ते कुलूप लावून पुन्हा ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत यायचे आणि आणखी एकदा ओढायचे. तिथून मी बिनदाराच्या घरात सून म्हणून आले. चौकटीला कुत्री शिरू नयेत म्हणून एक ताटी टेकवलेली, बस. पहिले काही महिने मी दागिने उशाशी घेऊन झोपत होते. आत्याबाईंना कळत होतं, पण त्या कधी बोलल्या नाहीत. मग एक दिवस मी ते फडताळात ठेवले आणि विसरून गेले. ते विसरणं फार सुखाचं होतं. नगरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात दार उघडं टाकून नळावर गेले आणि परत येईतो पितळी घागर नाहीशी. शेजारच्या बाई म्हणाल्या, "शिंगणापूरच्या काय हो तुम्ही?" मी हो म्हटल्यावर सगळ्या नळावर हशा पिकला. ह्यांनी संध्याकाळी खोलीसाठी नवं कुलूप आणलं. मला पुन्हा मिरजगावची व्हावं लागलं, आणि त्याचा मला कंटाळा आला. अजून येतो.

तसे दिवस कशात गेले ते सांगता येणार नाही. नळाची रांग, रेशनची रांग, वर्कशॉपचा भोंगा. शेडमध्ये जीप विटांवर चढवलेली, बॅटरी काढून ठेवलेली. मी तिच्यावरची धूळ पुसायची. कचेरीचा माणूस आला, कुलूप बघून मान डोलावून गेला. सूट मिळाली.

उन्हाळ्यात मामंजी कोरड्या विहिरीतला गाळ काढताना पडले. कंबर मोडली. धाकट्या दिरांनी त्यांना बैलगाडीत घालून घोडेगावपर्यंत आणलं, तिथून कुणाच्या तरी ट्रकमधून नगरला. एरवी जो रस्ता ते दुसऱ्यांसाठी जीपनं झटक्यात कापायचे, त्याला अर्धा दिवस लागला. दवाखान्यातून ते आमच्या खोलीवर आले आणि महिनाभर राहिले. त्यांची खाट भिंतीला लागून होती आणि भिंतीपलीकडे जीप. एकदा मी त्यांना पेज देत होते, तर भिंतीकडे बघत म्हणाले, "गाडी हाय, पर कुलपात हाय." पेजेची वाटी तशीच राहिली. मला राग आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. कचेरीवर काढावा तर त्यांनी नियम सांगितला होता, देवावर काढायची माझी छाती नव्हती.

पुढल्या पावसाळ्यात विहिरीला पाणी आलं. मामंजी काठी टेकत कचेरीत गेले आणि पूर्ण हप्ता भरून आले. साहेब म्हणाले, बाबा, सूट जाईल. मामंजी म्हणाले, "जाऊ द्या. गाडी दारात हुभी पायजे." दार नसलेल्या घराच्या दारात!

पण एवढ्यात ह्यांचं काम कायम झालं होतं. विजूचं नाव शाळेत घातलं होतं. शेड रिकामी होणार म्हणून मालकानं तीही आम्हाला भाड्यानं देऊ केली, आणि आम्ही हो म्हटलं. आज माझी पुढची खोली म्हणतात ती हीच. आता आम्ही परत येणार नाही हे गावाला कुणी कळवायचं, यावरून आम्हा दोघांत बोलणंच व्हायचं नाही. शेवटी कळवलं नाहीच.

जीप घेऊन सगळे गावी गेलो. इमामपूरचा घाट उतरताना मामंजी लहान मुलासारखे खुशीत होते. आत्याबाईंनी घर सारवून ठेवलं होतं. आमच्या बाजूची खोली झाडून, माझी उतरंड धुवून मांडली होती. त्या जीपच्या मागे गेल्या आणि आत वाकून बघितलं. मागे सामान नव्हतं. एक पिशवी होती, विजूच्या बदलायच्या कपड्यांची. त्यांनी ती उचलली, घरात नेऊन ठेवली आणि चहा टाकला. पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या आम्ही खाल्ल्या.

संध्याकाळी मामंजींनी जीप काढली आणि आम्हाला घोडेगावच्या एसटीवर सोडायला निघाले. आत्याबाई वेशीपर्यंत चालत आल्या. तोवर त्यांच्या तोंडी आमची खोली म्हणजे नुसतं नगर असायचं. नगरला लई ऊन हाय का, नगरला पानी येतं का, नगरचं कधी आवरतं. मी पाया पडले. त्यांनी विजूच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, माझा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "घरी नीट जावा."