सगळ्या अभ्यासांची बेरीज

ऐंशीच्या दशकात मी वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र सांभाळत होते. बालरोग विभागातल्या मॅडमना एकच ध्यास होता. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजलं तर सलाइन कमी लागतं का, यावरचे देशोदेशीचे अभ्यास एकत्र करून एक उत्तर काढायचं. पोस्टकार्डं टाकून शोधनिबंध त्या मागवत आणि आकडेमोड मी करी. सुटे अभ्यास लहान होते, त्यातून काहीच ठामपणे म्हणता येत नव्हतं.

एका दुपारी बेरीज जुळली. मी पुन्हा पडताळली.

"मॅडम, फरक खरा आहे. पाणी पाजलं की सलाइन कमी लागतं."

"परत म्हण बरं."

मी परत म्हटलं. त्यांनी मला ओढत बाहेर नेलं आणि मोपेडवर बसवून नालवाडीच्या टपरीवर आणलं. आमचं हसू थांबेना.

"काऊन हसून राह्यल्या जी? लगन जमलं का कोणाचं?" चहावाल्यानं विचारलं.

"हो, देशोदेशीच्या पाव्हण्यांचं, एकाच मांडवात," मॅडम म्हणाल्या. त्यानं आनंदानं साखर जास्त घातली.

परतताना मोपेड घसरली. आम्ही दोघी कडेच्या कपाशीच्या पऱ्हाटीत पडलो आणि तिथंच बसून पोट दुखेस्तोवर हसलो.