पहिला घास आपला

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षे. हिंगोलीत कयाधूच्या काठच्या वस्त्यांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली, तेव्हा मी हैदराबादहून विज्ञानाची परीक्षा देऊन घरी आले होते. पावसाळ्यात वैद्यकीच्या वर्गात दाखल व्हायचे, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. पटकीचा जंतू मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, स्वल्पविरामासारखा वाकलेला. काचपट्टीवर तो मेलेला होता. इथे तो जिवंत होता आणि कोणत्या घागरीत आहे हे दिसत नव्हते. माझी भीती अज्ञानाची नव्हती, माहितीची होती; म्हणूनच ती समजुतीने जात नव्हती.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान होती. आजाऱ्यांची सेवा एकट्या पाळकाचे काम नव्हे, प्रेषितांच्या काळीही अन्न वाढायला वेगळी माणसे नेमावी लागली होती, असे पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सांगितले आणि जोड्या ठरवल्या. रीत जुनीच होती. घर निवडायचे नाही, जोडीदार निवडायचा नाही. एकाने पेज भरवायची, दुसऱ्याने घाण काढायची. दुसऱ्या दिवशी कामे बदलायची. पेजेचे तांदूळ बायकांनी रोजच्या स्वयंपाकातून मूठ मूठ बाजूला काढलेले असत. शिवाय भरवणाऱ्याने पहिला घास घरच्यांसमोर स्वतः खायचा. आमच्या अन्नात काहीतरी कालवलेले असते, ते खाल्ले की माणूस बाटतो, असा गावात समज होता; त्यावर वाद घालत बसायला आजाऱ्याजवळ वेळ नसे.

माझ्या जोडीला मावशी आली. नात्याची नव्हे, चर्चची झाडलोट करणारी विधवा, सगळ्यांचीच मावशी. शुक्रवारी आम्ही पहिल्या घराकडे निघालो.

"डाक्टरीणबाई, मला काही झालं तर माझी कोंबडी तुमी घ्या. पर कापू नका, खुडूक बसलीय."

"काही होत नाही. उकळलेल्या पाण्याखेरीज काही तोंडाला लावायचं नाही, एवढं लक्षात ठेवा."

"व्हय. मग तुमचा आवाज काहून कापून राहिला?"

घर पिंजाऱ्याचे होते. त्याची बायको खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. संध्याकाळपर्यंत पोटात पातळ काही गेले नाही, तर ती वाचणार नव्हती. तिची म्हातारी सासू उंबऱ्यात आडवी बसली होती. भरवण्याची पाळी मावशीची. तिने वाटीतल्या पेजेचा एक घोट घेतला आणि वाटी पुढे केली.

म्हातारी हलली नाही. "तुमारे घर का तुम खाए, उसमें क्या बड़ी बात? हमारे घर का पियो, फिर बहू कू पिलाव."

तिने रांजणातून कटोराभर पाणी काढून समोर धरले. ते नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचे होते, आणि त्याच झिऱ्याच्या वरच्या अंगाला आजाऱ्यांचे कपडे धुतले जात होते. मी अडवायला हात पुढे केला, पण तोवर मावशीने कटोरा तोंडाला लावून रिकामा केला होता. म्हातारी बाजूला सरकली.

सुनेचे कपडे चुन्याच्या पाण्यात बुडवताना मी मावशीच्याच चेहऱ्याकडे पाहत होते. लक्षणे दिसायला काही तास पुरतात. कधी काही दिवसही लागतात.

"का प्यालात?" बाहेर पडल्यावर मी विचारले.

"मंग काय करू? पोरगी डोळ्यांदेखत चालली व्हती. उद्या तुझी पाळी हाय पोरी. तू काय करशील?"

दुसऱ्या दिवशी मी उपाय घेऊन गेले. "चाची, पानी नको, चाय पिलाव," मी म्हणाले. चहापत्ती नव्हती. मग मी साधे पाणीच चुलीवर ठेवायला लावले, आणि ते खळखळू लागल्यावरही "और थोड़ा" म्हणत राहिले.

"नवाबजादी है," म्हातारी मावशीला म्हणाली.

"ही अक्कल काल कुठं गेली व्हती, कोण जाणे," मावशी म्हणाली.

म्हातारीने कटोरा आपल्या ओढणीने पुसून माझ्या हाती दिला. तीच ओढणी रात्रभर सुनेच्या तोंडाखाली होती. खाटेवरून सून माझ्याकडे पाहत होती. आदल्या दिवसाच्या पेजेने तिच्या डोळ्यांत थोडी जान आली होती. मी प्याले. जीभ पोळली, आणि ते पोळणे मला हवेसे वाटले.

रविवारी प्रभुभोजन होते. आमच्याकडे द्राक्षारसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागतो. नेहमी सर्वांआधी गुडघे टेकणारी मावशी त्या दिवशी एकेकाला पुढे जाऊ देत मागे राहिली. कारण मला समजले. मीही थांबले.

"तू हो म्होरं," ती कुजबुजली. "माझ्यामागं कुणी नको."

"तो कटोरा माझ्याही तोंडाला लागलाय. तुम्ही जा."

जंतू प्याल्याच्या काठावरून सहसा पसरत नाही, हे मला पाठ होते. गुडघ्यांना ते पटत नव्हते. मावशीच्या पाठोपाठ, शेवटचा घोट मी घेतला.

बाहेर आल्यावर तिचा हात पोटावर दिसला.

"दुखतंय?"

"भूक लागलीय."

माझा विश्वास बसला नाही. मी तिच्या घरी गेले. ती ज्वारीची भाकरी आणि चटणी घेऊन बसली, आणि मी तिच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहत राहिले.

"आता तरी हात सोड," ती म्हणाली. "घास कशानं घेऊ?"

मी म्हटले, डाव्या हाताने घ्या.