राबात आडवी झालेली सायकल
गाडीची काच खाली होती, राब भाजल्याचा वास आत आला आणि म्हसळ्याजवळची ती पायवाट आठवली. मुंबईहून मी आणि पत्नी सुट्टीला तिकडच्या डोंगरवाटांवर सायकल चालवायला जायचो. एका वर्षी तिचे कॅन्सरचे उपचार चालू होते. डॉक्टर नको म्हणत होते, तरी एक उतार तरी उतरू दे म्हणून ती हटून बसली. तांबड्या मातीची वाट, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, उन्हाने तापलेला कातळ. मी ब्रेक दाबत सावकाश येत होतो. ती मात्र सुसाट पुढे गेली आणि खालच्या शेतात, भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी पसरलेल्या सुक्या पाल्यात सायकलसकट आडवी झाली. पाला पसरणारी म्हातारी ओरडली, "अगो बाय, अख्खा राब इस्कटलास माझा! डोळं हायत का न्हाय?" पत्नी पडल्या पडल्या हसत होती. तिने हेल्मेट काढलं, त्याबरोबर डोक्याचा रुमालही निघाला. ते केस नसलेलं डोकं बघून म्हातारी तिच्याजवळ खाली बसली. "नवस बोललेलीस काय गो?" "हो आजी," पत्नी म्हणाली, "पण अजून पावला नाही." "पावल गो, पावल. पावला की मला सांगायला ये." मग तिने पत्नीच्या पाठीवरचा पाला हाताने झाडला. तो पावसाळा संपायच्या आत पत्नी गेली. आज त्या पायवाटेकडे जाणाऱ्या फाट्यावर मी गाडी हळू केली, पण वळवली नाही. निदान त्या शेतातल्या म्हातारीसाठी तरी ती अजून सांगायला येणार आहे.