आत्याच्या डोक्यातली यादी

या बेटावर, आमच्या व्हाकोआ गावातल्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मी शिकवायची त्या शाळेतसुद्धा तो नव्हता. लंडनला नोकरी करणाऱ्या माझ्या भावानं तो सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणला. एक कीबोर्ड, त्याची एक वायर टीव्हीला, दुसरी टेपरेकॉर्डरला. मी गणिताची बाई, त्यामुळे तो माझाच, असं मी परस्पर ठरवून टाकलं. दोन महिन्यांत स्वतःचे प्रोग्राम लिहायला लागले आणि, खोटं कशाला बोलू, डोक्यात हवा गेली.

वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, विधवा होती, आमच्याकडेच राहायची. आसपासच्या मराठी घरांतली लग्नं तिला विचारल्याशिवाय ठरत नसत. एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होऊ नये म्हणून लोक रविवारी बसनं यायचे, चहा प्यायचे, आणि आत्या तांदूळ निवडता निवडता कुणाचं देवक काय ते सांगायची. आया तिच्या कानात आणखीही पुष्कळ काही घालून जात. आजारपणं, मोडलेली लग्नं, घरातून निघून गेलेली माणसं. ते मात्र ती ज्याला गरज असेल त्यालाच सांगायची, आणि तेही गरजेपुरतं.

"हे सगळं तुझ्याबरोबर जाईल, आत्या," मी तिच्या मागेच लागले. "मला सांग, मी माशिनमध्ये घालते."

"माशिनला तोंड बंद ठेवता येतं का गो बाये?"

"त्याला तोंडच नाही," मी म्हणाले. आयो, काय ती माझी अक्कल!

तीन महिने ती सांगत होती आणि मी टाइप करत होते. मराठी अक्षरं त्या यंत्रात नव्हती, म्हणून सगळं इथल्या क्रेओल बोलीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मेमरी इवलीशी, शेवटच्या रकान्यात जेमतेम बारा अक्षरं मावायची. ग्रां बुआ गावच्या एका मुलीबद्दल आत्या म्हणाली, "तीन वर्षांची असताना तापात दोनदा झटका आला. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही. पुन्हा कधी आला नाही." एवढं कुठे मावणार? मी लिहिलं, मालाद तोंबे. क्रेओलमध्ये फेफऱ्याला तसंच म्हणतात. यादी कॅसेटवर साठायची, आणि टेप अडकून तुटते म्हणून दुसऱ्या कॅसेटवर नक्कलही करून ठेवली. यादी हरवू नये याची केवढी काळजी! ती कुणी वाचू नये, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्याच मुलीचं लग्न सें पिएर गावच्या एका मुलाशी ठरलं, साखरपुडाही झाला. मुलाची काकी आत्याला आमंत्रण द्यायला आली. आत्या आंघोळीला गेली होती आणि मला काही राहवेना.

"काकी, कुठल्याही गावाचं नाव सांगा, आणि बघा गंमत."

ती बिचारी होणाऱ्या सुनेचंच गाव सांगणार ना! मी ग्रां बुआ टाइप केलं. टीव्हीवर एकेक ओळ उमटायला लागली, नाव, वडील, देवक, आणि शेवटचा रकाना. तेव्हा कुठे मला आठवलं. मी झटकन टीव्ही बंद केला, पण काकीनं वाचायचं ते वाचलं होतं. चहा तसाच ठेवून ती निघून गेली.

आठवड्याभरात सें पिएरहून मुलीकडे निरोप गेला, लग्न सध्या थांबवू. मुलीची आई समजवायला गेली तर तिकडचे म्हणाले, आता सारवासारव करताय. मग ती आमच्याकडे आली. माझ्याकडे पाठ करून बसली. आत्याला म्हणाली, "मी तुमच्या कानात सांगितलं होतं. पोर खोलीबाहेर येत नाही माझी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसली आणि म्हणाली, "चल सें पिएरला. तिथे तू तोंड उघडायचं नाहीस."

काकीच्या घरी बसल्या बसल्या आत्या रडवेली झाली. "डोकं गेलं गो माझं. भलत्याच घरची गोष्ट त्या पोरीच्या नावावर घातली. ही आपली मी सांगेन ते लिहीत गेली."

"मग कुठल्या घरची?"

"आठवत नाही."

हा शब्द मी आत्याच्या तोंडून त्याआधी कधीच ऐकला नव्हता. काकीही काही कच्ची नव्हती. "बरं, आमचं देवक सांगा." आत्या कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिली आणि मग तिनं चुकीचंच देवक सांगितलं.

"आणि माझं लग्न कुणी जमवलं?"

"कुणी गो?" आत्यानं विचारलं. तिनंच जमवलं होतं.

काकीचा चेहरा एकदम मऊ झाला. तिनं आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाली, "यांना एकट्या कुठे पाठवू नका."

परतताना बसमध्ये मला रडू आवरेना. "आत्या, आता सगळे तुला वेडी म्हणतील."

"म्हणू दे. लग्न होतंय ना?"

घरी येऊन मी दोन्ही कॅसेटमधली फीत उपसली आणि परसात जाळली. तेव्हापासून कुणाची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय मी कुठल्याच यंत्रात घातलेली नाही. रविवारची माणसं यायची थांबली. आत्या तांदूळ निवडत बसायची, आणि बस थांबल्याचा आवाज आला की दाराकडे बघायची.

लग्नाला आम्ही गेलो. बायका आत्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. नवरी पाया पडायला वाकली. काकीनं विचारलं, "ओळखलंत का, कोण ही?"

आत्यानं नवरीच्या गालावरून हात फिरवला आणि दुसऱ्याच मुलीचं नाव घेतलं. सगळ्या हसल्या. नवरीची आई तेवढी हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली.