पाच स्टार आणि चौदशीचं मौन

पारोळ्याच्या बाजारपेठेत जवरीलाल यांचं फ्रिज-कूलरचं दुकान आहे. बासष्ट वर्षांचे हे गृहस्थ जातीचे मारवाडी, पण अहिराणी अशी बोलतात की खेड्यावरच्या माणसाला आपलाच कुणी वाटावा. सगळे त्यांना जवरीभाऊ म्हणतात. विकायची त्यांची तऱ्हा न्यारी. गिऱ्हाईक आलं की आधी रंग नाही, कप्पे नाहीत, दारावरचं वीजबचतीचं लेबल दाखवायचं. "स्टार मोजायच्या आधी साल वाचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सरकार काही वर्षांनी मोजमाप कडक करतं, मग कालचा पाच स्टारवाला आज तिनावर येतो. जुनं लेबल मात्र दारावर बसून पाचाचाच तोरा मिरवतं. हे ते इतक्यांदा समजावत की बाजारातली माणसं त्यांना स्टारमास्तर म्हणू लागली. वरवर ते रागवायचे, पण मनातून त्यांना ते आवडायचं.

गावाबाहेरच्या वस्तीवरच्या भिकुबाईनं पैशाला पैसा जोडून फ्रिज घ्यायचं ठरवलं, ते याच शाळेत शिकून. अक्षरओळख नाही, पण बोट ठेवून स्टार मोजता येत होते. "स्टार मी मोजस, साल तुम्ही वाचा भाऊ," ती म्हणायची.

ती आली तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस उरले होते. ऊन पंचेचाळिसावर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आणि नेमकी त्या दिवशी चौदस. जवरीभाऊ दर चौदशीला दुपारी बारापर्यंत मौन पाळतात. वीस वर्षांचा नेम, कधी मोडला नाही. ते गादीवर माळ घेऊन बसले होते आणि गिऱ्हाइकं त्यांचा मुलगा अखिल बघत होता.

कोपऱ्यात जुन्या लेबलचा एक फ्रिज पडून होता. अखिलनं भिकुबाईला तोच दाखवला. तिनं बोटानं पाच स्टार मोजले आणि गादीकडे वळून विचारलं, "भाऊ, साल बराबर शे ना?"

"नवंच शे, अक्का," मधेच अखिल बोलला. "आबांचं आज मौन आहे."

भिकुबाईनं अखिलकडे पाहिलंच नाही. ती जवरीभाऊंच्या तोंडाकडे पाहत राहिली. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवायला कुठलं मौन आडवं येतं? पण जवरीभाऊंनी नजर माळेवर वळवली. मुलगा चार माणसांत खोटा पडेल हे एक, आणि तो अडगळीचा फ्रिज एकदाचा जातोय हे दुसरं. व्रत आहे, आपण काय करणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. भिकुबाई समाधानानं गेली. फ्रिज टेम्पोत चढला आणि घरी त्याला हळदकुंकू लागलं.

त्या दिवसापासून जवरीभाऊंचं जेवणात लक्ष लागेना. लेबल दाखवताना जीभ अडखळायची. अखिलला एकदा बोलले, तर तो म्हणाला, "तुम्ही तिथंच होता की आबा." झालं ते झालं म्हणून सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते. ते झुरत राहिले.

भादव्यात जैनांची संवत्सरी झाली. दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन 'मिच्छामि दुक्कडम' म्हणायचं, वर्षभरात मन दुखावलं असेल तर माफी मागायची, हा त्यांच्यातला रिवाज. जवरीभाऊ दरवर्षी भावकीत आणि व्यापाऱ्यांत जात. या वर्षी ते पहिले निघाले भिकुबाईकडे.

ओसरीवर भिकुबाई एकटीच शेंगा फोडत होती. फ्रिज कोपऱ्यात बंद होता, वर धुतलेली चादर टाकलेली. तिनं माठातलं पाणी दिलं. भाऊंनी हात जोडले तशी ती हसली. "तुमनी कसानी माफी, भाऊ?"

त्यांनी सगळं सांगितलं. लेबल जुनं होतं, मला ठाऊक होतं, मी गप्प बसलो. "फ्रिज उद्याच बदली देस, अक्का."

भिकुबाईचं हसू विरलं. शेंगांचं सूप तिनं बाजूला सारलं. मग हळूहळू तिनं सांगितलं ते असं. शेजारच्या लताबाईकडेही पाच स्टारचाच फ्रिज, तेवढाच मोठा, पण हिचं बिल दर महिन्याला तिच्यापेक्षा जास्त. असं का? भिकुबाईनं विचार केला. जवरीभाऊ खोटं बोलणार नाहीत, म्हणजे दोष फ्रिजचा नाही. मग सून मेघाच दिवसभर दार उघडं टाकते. ती नाही म्हणाली, रडली, शपथा घेतल्या. भिकुबाई म्हणाली, शपथ घेणारीच लबाड. तिच्या आईबापाचाही उद्धार झाला. राखीला मेघा मुक्ताईनगरला माहेरी गेली ती आलीच नाही. मुलगा कुंदन दोनदा आणायला गेला आणि दोनदा एकटा परतला.

"मी तिले सांगं, जवरीभाऊ खोटं बोलाव नही," भिकुबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "फ्रिज बदली दिशात तुम्ही. मी तिले जे बोलनू, ते कसं बदलशात?"

जवरीभाऊंचे जोडलेले हात तसेच मांडीवर पडले. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

भिकुबाईनं कमरेचा मोबाइल काढला. सुनेच्या नंबरापुढे कुंदननं फुलाचं चित्र लावून दिलं होतं, ते शोधून तिनं दाबलं. घंटी वाजू लागली तसा मोबाइल तिनं भाऊंच्या हातात दिला.

"आज चौदस नही ना?" ती म्हणाली. "मंग बोला."

पलीकडून मेघाचा आवाज आला, थंड आणि सावध. "काय आई?"

"पोरी," जवरीभाऊ म्हणाले, "मी पारोळाना जवरीलाल बोली ऱ्हायनू. दार तू उघडं टाकं नव्हतं."