आईच्या नावाचं अमेरिकेचं पार्सल

धावड्यातून मी पुण्याला निघाले त्या सकाळी आईने एसटीच्या कंडक्टरला चक्क खोटं सांगितलं. माझी पत्र्याची पेटी टपावर चढत होती. आत दोन पंजाबी ड्रेस, एक साडी, पुस्तकं आणि शेंगदाण्याचे लाडू. आई म्हणाली, "भाऊ, दोन हजाराचा माल हाये पेटीत. जपून न्या." कंडक्टरने पेटीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि पेटी खरंच दोरीने बांधली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बस हलताना आई खिडकीशी आली. वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "किंमत जास्तीची सांगाव बाई, मंग लोक वस्तू आपटत न्हाईत."

गावकऱ्यांनो, तुमच्यातले जे धावड्यातच राहिले, त्यांना ही कौशाबाई नव्याने सांगायला नको. पण जे माझ्यासारखे उठून पुणे, सुरत, दुबई करत राहिले, त्यांच्यासाठी सांगते. आई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. आमच्या बौद्धवस्तीतून शिकायला एवढ्या लांब गेलेली पहिली मुलगी मी, आणि त्याचा गवगवा माझ्यापेक्षा तिनेच जास्त केला. लॅबचा कोर्स झाला, पुण्यातच रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली, विलासशी लग्न झालं. आधी मी पत्रं लिहायची, धाकटा भाऊ प्रकाश ती आईला वाचून दाखवायचा. मग गावच्या घरी फोन बसला आणि दर रविवारी आम्ही मायलेकी बोलायला लागलो. भाजी काय केली, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसून माहेरी गेली. सगळं बिनकामाचं बोलणं, पण माझा पुढचा आठवडा त्यावर निघायचा.

मग आईचे कान गेले. आधी तिचं "काय?" वाढलं, नंतर "हो हो" वाढलं. हो हो म्हणजे काहीच ऐकू येत नाही, हे मला कळायचं. जालन्याच्या डॉक्टरांनी कानातलं यंत्र दिलं. ते शिट्टी मारतं म्हणून तिने ते तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवून दिलं. शेवटी ती फोनवर यायचीच बंद झाली. प्रकाश मध्ये उभा राहायचा, माझं बोलणं तिच्या कानात ओरडायचा आणि तिचं मला सांगायचा.

नेमकं तेव्हाच मला तिच्याशी हळू बोलायचं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, सगळे डॉक्टर करून झाले होते. मी आणि विलासने संस्थेतून एक मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. दिवाळीनंतर सह्या करायच्या होत्या. विलास म्हणायचा, नंतर सांगू. मी म्हणायची, आईला विचारल्याशिवाय सही नाही. ती नको म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. उन्हाळ्यात तेवढ्यासाठी गावी गेले, चार दिवस राहिले आणि तशीच परत आले. आईला काही सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि आमच्या गल्लीत ओरडलं की शेजारपाजारचे जेवण सोडून ऐकतात. रानात नेऊन सांगावं तर सोबत भावजय आणि तिची पोरं. पत्र लिहावं तर वाचणार प्रकाशच. माझं दुःख मला असं दवंडी पिटून सांगायचं नव्हतं.

तो फोन मला लॅबच्या काँप्युटरवर सापडला, जेवणाच्या सुट्टीत. अमेरिकेतल्या एका दुकानाची साइट होती. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानात मोठा आवाज देणारा फोन, बटणं बिस्किटाएवढी. त्याआधी मी पुण्यातली दुकानं पालथी घातली होती, पण दुकानदार मला स्पीकरचा फोन दाखवायचे. म्हणजे पुन्हा सगळी गल्ली आलीच. हा फोन साठ डॉलरचा होता. म्हटलं, जमलं. मग खालची ओळ वाचली. बोटीने आणायचे वीस डॉलर, पण तीन महिने लागणार. विमानाच्या टपालाने पंचेचाळीस. कुरियरने नव्वद, आणि एवढे देऊनही तो औरंगाबादपर्यंतच येणार. धावडा त्यांच्या यादीत नव्हतंच. कस्टमची ड्यूटी निराळी. एक फुकटचा मार्गही होता, आमच्या लॅबच्या मोठ्या मॅडमचा जावई डिसेंबरात तिकडून यायचा होता. पण त्याच्या बॅगेवर आधीच चार जणांचा डोळा होता, आणि मला डिसेंबर परवडणार नव्हता. मी विमानाचं टपाल धरलं. माझं कार्ड परदेशात चालेना, म्हणून मॅडमचं वापरलं. तिकडची विजेवरची वस्तू इकडे चालत नाही, तेवढं मात्र बघून घेतलं. हा फोन सेलवर चालायचा.

मॅडम म्हणाल्या होत्या, "पुण्याच्या पत्त्यावर मागव, सोपं पडेल." शहाणपणाचं तेच होतं. पण नावाची चौकट समोर आली आणि मी आईचं नाव टाकलं. मुक्काम पोस्ट धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. पोस्टमनने एकदा तरी दारात उभं राहून तिच्या नावाने हाक मारावी, एवढीच माझी हौस.

त्याने हाक मारली, पण हातात पार्सल नव्हतं, मुंबईच्या कस्टमचं पत्र होतं. दुकानाने डब्यात बिल घातलं नव्हतं. वस्तूची किंमत लिहून कळवा, असं त्यात होतं. प्रकाशने मला विचारायचं की नाही? पण आई म्हणाली, तिला कशाला तरास, मी सांगते. आणि तिने वीस हजार सांगितले. प्रकाशने ते वळणदार अक्षरात लिहून पाठवलं.

पुढच्या पत्रात ड्यूटीचा आकडा आला. फोन आणि विमान दोन्ही मिळून जेवढा खर्च झाला होता, त्याहून ती जास्त होती. मुदतीत भरली नाही तर पार्सल परत अमेरिकेला. मी फोनवर प्रकाशला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आई म्हणून राह्यली, कमी सांगितलं तर मुंबईचे लोक आपटतेन." मागून आईचा आवाज आला, तिच्या मते हळू, "एसटीतून न्हाई आल्तं ते. अमेरिकेचं हाये. म्हणून वीस सांगितले."

मी रागाने फोन ठेवला आणि मग हसत सुटले, आणि हसता हसता रडले. मी लॅबमध्ये काचेच्या नळ्या धूत होते तेव्हा ही बाई गावात सांगत फिरायची की माझी लेक डॉक्टरांच्या बरोबरीने बसते. मला त्याचा किती राग यायचा. पण माझीही किंमत ती जास्तीची सांगत आली, म्हणून तर गावात मला कुणी कधी हलकं लेखलं नाही. हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या साइटवरून बिल छापलं, मॅडमच्या कार्डाच्या कागदाची झेरॉक्स जोडली आणि अर्ज केला. त्यात लिहिलं, माझ्या आईने वस्तूची किंमत मायेपोटी वाढवून सांगितली आहे, तरी खरी किंमत धरावी ही विनंती. विलास म्हणाला, असा अर्ज कुणी करतं का? मी केला. तीन आठवडे धड जेवण गेलं नाही. मग ड्यूटी कमी होऊन आली, प्रकाशने ती भरली, आणि दिवाळीच्या तोंडावर पार्सल एकदाचं धावड्यात पोचलं.

प्रकाशने फोन जोडला, मला लावून आईच्या हाती दिला आणि माझ्या सांगण्यावरून सगळ्यांना घेऊन रानात गेला. घरात आई एकटी. मी सवयीने ओरडले, "आई, ऐकू येतंय का?"

"काहून वरडून राह्यली? हळू बोल. बराबर येऊन राह्यलं."

मग मी सगळं सांगितलं, अगदी हळू. डॉक्टरांचं, बारा वर्षांचं, संस्थेचं.

"केवढी हाये पोरगी?"

"आठ महिन्यांची."

"दात आले?"

"दोन."

"मंग जल्दी आण. इतके दिस एकटीच सोसत बसलीस व्हय गं?" आणि लगेच पुढे, "आधी हितं आणायची. पुण्याला मंग."

घर कुठलं असं कुणी विचारलं तर आता मी पुण्याचा पत्ता देते. माझं लाइटबिल तिथे येतं, माझी माणसं तिथे आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण माझ्या आयुष्यातली कुठलीही मोठी गोष्ट धावड्यात सांगितल्याशिवाय ती झाली असं मला वाटत नाही. तेवढ्यापुरतं घर अजून तिथे आहे.

थंडीत आम्ही पोरीला घेऊन गेलो. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं, पण आईने तो मान कुणाला दिला नाही. ती पाळण्यावर वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजली. म्हणजे तिला वाटलं, कुजबुजली. पार चौकातल्या हॉटेलापर्यंत ऐकू गेलं, "सुजाता. कौशाबाईची नात."